गोल न म्हणणारे दौलत मिस्त्री

दौलत मिस्त्रींच्या तोंडून ‘गोल’ हा शब्द मी चार वर्षांत एकदाच ऐकला. तोही ऐकला नसता तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं होतं आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका म्हणून माझी बदली झाली तेव्हाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला सणावाराला फोन करतात आणि मला ते तसेच राहायला हवे आहेत. शाळेपासून दोन मिनिटांवर मिस्त्रींचं घर होतं, त्यातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली. घरात माणसं तीन. स्वतः मिस्त्री, वय अठ्ठ्याहत्तरच्या आतबाहेर. त्यांचा मुलगा, जो सकाळच्या बसने हिंगणघाटला कामाला जायचा आणि दिवेलागणीलाच उगवायचा. आणि सून मंदाताई, जिच्या जिवावर ते घर चालत होतं. नात वैशाली लग्न होऊन अल्लीपूरला गेलेली. मिस्त्रींना सगळं गाव आबाजी म्हणे, मीही तेच म्हणू लागले.

आबाजी विहिरी बांधत. खणणारे लोक वेगळे. खणून झालेल्या खड्ड्याला आतून दगड लावत लावत वर यायचं, हे यांचं काम. त्यांच्या वडिलांचंही तेच. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, तिचा भरवसा नाही. तिला आवरून धरायला आतून दगडाचं बांधकाम लागतंच. सखाराम मिस्त्री, म्हणजे आबाजींचे वडील, या कामात एवढे नावाजलेले की गावच्या मोठ्या विहिरीच्या काठावर त्यांचं नाव कोरलेला दगड होता. चार-पाच वर्षांपूर्वी गावाने त्या काठाला निळ्या फरश्या लावल्या, तेव्हाही तो एक दगड मोकळा ठेवला होता. लोक येता-जाता त्याला हात लावून पाया पडत.

राहायला गेले त्याच आठवड्यात मी ओट्यावर बसून पाचवीच्या वर्गासाठी तक्ता रंगवत होते. वर ठळक अक्षरांत ‘गोल वस्तू’ आणि खाली लाडू, बांगडी, भाकरी, चाक, विहीर अशी चित्रं. आबाजी काठी टेकत आले आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

“लाडू अन् बांगडी एकाच घरात काऊन कोंबली, मॅडम?”

“दोन्हींचा आकार एकच ना, आबाजी.”

“एकच कसा? लाडवाच्या आत का हाये? लाडूच. बांगडीच्या आत का हाये? कोणाचा तरी हात. हे एक होईन का कधी?”

मी बी.एड. झालेली बाई, मला हसू आलं. ते मात्र माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझी शाळा घेतली. लाडू गरगरीत. भाकर वाटोळी. डोक्यावर घागरीखाली ठेवतात ती चुंबळ. झाडाच्या बुडाशी पाणी थांबावं म्हणून माती ओढून करतात ते आळं. साप घालून बसतो ते वेटोळं. परकराला घेर, विळ्याला बाक, रस्त्याला वळण, पाण्याला भोवरा, बैलाच्या मानेला पडतो तो फास. प्रत्येकाला देवानं निराळं नाव दिलं असताना तुम्ही शाळेतले लोक एकाच पोत्यात सगळं भरता, असा त्यांचा एकूण रोख होता.

“आणि विहीर?” मी विचारलं.

ते उठले. “विहिरीले विहीर म्हणाव,” एवढं बोलून आत गेले.

त्या दिवशी मी वही सुरू केली. मला तेव्हा वाटायचं की आपण बोलीभाषेवर मोठं काम करणार, नागपूरला जाऊन निबंध वाचणार, लोक टाळ्या वाजवणार. आबाजी बोलले की मी लिहून घ्यायची. त्यांनाही ते आवडायचं. “लिहा, लिहा,” म्हणायचे, “म्हाताऱ्याचं आयकून घेणारं कोणी तं भेटलं.” मंदाताई चुलीजवळून ओरडायच्या, “मॅडम, त्याईच्या नादी नका लागू. भाकरीत बी खोट काढते थे माणूस!”

ते खरंच होतं. ताटात भाकरी आली की आबाजी आधी ती दोन्ही हातांनी धरून फिरवत. कुठे जरा चपटी असेल तर तेवढा तुकडा आधी मोडून खात, जणू तो ताटात राहू देणं धोक्याचं होतं. नवीन थाळी आणली की जमिनीवर ठेवून बोटाने दाबायचे. डुगडुगली तर परत पाठवायची. एकदा बांगडीवाला ओट्यावर बसला होता. मंदाताईंनी हौसेने निवडलेल्या हिरव्या बांगड्यांतून यांनी एकेक उचलून डोळ्यासमोर धरली आणि अर्ध्या बाजूला काढल्या. बांगडीवाला तणतणत गेला, मंदाताई दिवसभर बोलल्या नाहीत. मला हे सगळं म्हातारपणचं खूळ वाटायचं आणि मी त्याची टिपणं घ्यायची.

काही सवयी मात्र मला कळत नव्हत्या. आबाजी मोठ्या विहिरीच्या पूर्वेकडून कधी जात नसत. घरून देवळात जायला तोच जवळचा रस्ता, पण ते पश्चिमेकडून लांबचा वळसा घालत. त्या बाजूला काठावर कोणी टेकलेलं दिसलं की काठी उगारून धावत जायचे. आणि त्यांच्या घरात त्या विहिरीचं पाणी येत नव्हतं. सगळ्या घरांत नळ आले ते अलीकडे. त्याआधीही, मंदाताई सांगत, सासरे दूरच्या हापशीवरून पाणी आणायला लावायचे. “आपल्याच सासऱ्याच्या बापाची विहीर, अन् आमी लोकाच्या हापशीवर! लोकं हासत मले.”

एका पावसाळी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. वैशाली सणाला माहेरी येणार असल्याची बातमी नुकतीच आली होती, तरी आबाजी गप्प होते. मी त्यांना खुलवायला म्हणून वहीतले शब्द वाचून दाखवले. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “पुरे करा मॅडम. एक बी शब्द चांगला नाई याच्यात.”

“असं कसं? सगळे छानच तर आहेत.”

“वाटोळं म्हणजे का? भाकर वाटोळी, अन् घराचं झालं तं बी वाटोळंच. फेरा देवाले घालतात, अन् नशिबाचा आला तं माणूस त्याच्यातून निंगत नाई. घेर म्हणलं का त्याच्या मांगं घेरी येते. चक्कर मारायले गेला तो चक्कर येऊन पडते. कोणाले बोलण्यात गुंडाळलं का तो फसला. भोवऱ्यात गेला तो गेला. सरळ शब्दाईत असं नाई पाहा. सरळ चीज तुटते, मोडते, अन् आपल्याले दिसते तरी. जे वळत जाते ना, त्याचं मांगचं अंग आपल्याले दिसतच नाई.”

मी भराभर लिहून घेतलं. खूश झाले. चार पानं भरली होती. माणूस काही तरी सांगतो आहे आणि आपण त्याची फक्त भाषा टिपतो आहोत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याची लाज आज वाटते.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात आबाजींचा सत्कार ठरला. सखाराम मिस्त्रींची विहीर एवढी वर्षं टिकली म्हणून त्यांच्या मुलाला शाल आणि नारळ. भाषण करायचं काम माझ्याकडे. मी विहिरीवर, दगडांवर, बापलेकांच्या हातावर असं काही बोलले की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आबाजी खुर्चीत खाली मान घालून बसले होते. शाल अंगावर घातली तेव्हा त्यांचे खांदे आखडले. नंतर सगळ्यांनी त्यांना विहिरीपाशी फोटोसाठी नेलं, नावाच्या दगडाशेजारी उभं राहा म्हणाले. ते म्हणाले, “मले लघवीले जायचं हाये,” आणि गेले ते परत आलेच नाहीत. शाल विहिरीच्या पश्चिमेच्या काठावर तशीच पडलेली मला सापडली. लोक म्हणाले, किती साधा माणूस! मीही तेच म्हणाले.

पुढच्या ज्येष्ठात, पावसाच्या आधी, वैशालीला सहावा महिना लागला होता तेव्हा आबाजी माझ्या दारात आले. हातात दोन हात लांबीची एक फळी आणि ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का हे बघायचं दोरीला बांधलेलं ते वजन.

“मॅडम, घडीभर येता का? तुमचे डोळे पायजे होते. मले आता खालचं दिसत नाई.”

भर दुपार होती. अशा वेळी ऊन विहिरीत सरळ तळाशी उतरतं आणि आतले सगळे दगड दिसतात. पाणीही वर्षातलं सगळ्यात खाली गेलेलं असतं. गाव घराघरांत झोपलेलं. आबाजी पहिल्यांदाच मला पूर्वेच्या काठाशी घेऊन गेले. फळीच्या टोकाला ओळंबा टांगला आणि तो आत सोडला. वजन खाली खाली गेलं आणि मध्येच एका दगडाला अडलं.

“आता मी फळी जराजरा आत सरकवतो. दोरी दगडापासून सुटली का सांगा.”

ते बोटाबोटाने फळी पुढे सरकवत होते. वरच्या दगडांपासून दोरी लांब गेली तरी खालचा तो पट्टा तिला सोडेना. तिथली भिंत विहिरीच्या आत आली होती. मांडी घालून बसलेल्या माणसाचं पोट यावं तशी. दोरी सुटली तेव्हा मी ‘सुटली’ म्हणाले आणि त्यांनी फळीवर बोटं ठेवत अंतर मोजलं.

“नऊ,” ते म्हणाले. “मांगच्या साली सात होते.”

“म्हणजे काय, आबाजी?”

ते काठापासून जरा मागे, लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. तिथे त्यांनी तो शब्द उच्चारला. “हे विहीर गोल नाई, मॅडम. कधीच नव्हती.”

मग त्यांनी सांगितलं. ते बावीस वर्षांचे होते. या विहिरीचं काम वडिलांनी घेतलेलं. अर्ध्यावर आलं आणि वडिलांना हिवतापाने खाटेवर पाडलं. पाऊस जवळ आलेला, म्हणून मुलगा एकटा उतरला. त्या वेळी विहिरीच्या मधोमध खुंटी ठोकायची, तिला अंबाडीची दोरी बांधायची आणि दोरीचं टोक जिथे पोचेल तिथे दगड बसवत चहूबाजूंनी फिरायचं, अशी पद्धत. सकाळी अर्धी फेरी झाली. दुपारी भाकरी खायला वर आले तेव्हा दोरी खालीच, झऱ्याच्या पाण्यात पडून राहिली. अंबाडीची दोरी भिजली की आखडते. हे त्यांना ठाऊक होतं, सांगकाम्या पोरांनाही ठाऊक असतं. पण वर गावकरी बघत उभे होते, सखारामचा पोरगा एकटा बांधतो म्हणून कौतुक चाललं होतं. उरलेली अर्धी फेरी त्यांनी त्या ओल्या दोरीनेच घातली, आणि त्या बाजूला त्यावर आणखी चार थर.

“रात्रीतून दोरी वाळली. दुसऱ्या दिवशी मापून पाह्यलं तं पूर्वेकडचे दगड चार बोटं आत. पाच थर काढा लागले असते. लोकाईले का सांगू? मी वरचे थर बराबर मापात घेतले अन् वर आलो.”

“चार बोटांनी काय होतं, आबाजी?”

“घेरातला दगड काऊन नाई पडत, सांगा? त्याले दोनीकून शेजारी दाबून धरते. त्याची इच्छा असली तरी तो पडू शकत नाई. पण जिथं घेर मोडला, तिथला दगड एकटा पडते. मांगून माती ढकलून राह्यली, अन् धरायले कोणी नाई. साल-दर-साल थोडा थोडा येते तो.”

विहीर पूर्ण झाली तेव्हा वडिलांना खाटेसकट तिथे आणलं होतं. सखाराम मिस्त्रींनी काठावरून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गावकरी म्हणाले, पोराने बांधली, पोराचं नाव दगडावर टाकू. तर म्हातारा म्हणाला, माझं टाका. लोकांना ते आवडलं नाही. मरायला टेकला तरी पोराचं श्रेय घेतो म्हणाले. त्याच महिन्यात ते गेले.

“त्याईनं पाह्यलं होतं, मॅडम,” आबाजी म्हणाले. “उद्या पडली तं माह्या नावानं नको पडाले, म्हणून स्वताचं टाकलं. मले एक शब्द नाई बोलले. आता मी लोकाईले सांगतो तं बापाचं नाव जाते. नाई सांगत तं...” त्यांनी हाताने विहिरीकडे दाखवलं. मग माझ्याकडून वचन घेतलं की मी कुठे बोलणार नाही. मी दिलं. वहीत मात्र तारीख टाकून ‘नऊ बोटं’ असं लिहून ठेवलं, सवयच ती.

भाद्रपदात वैशाली माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली, घर उजळलं. पण आमच्या त्या गावात बाराव्या दिवशी बाळंतीण विहीर पुजते. पाच सवाष्णी, हळदीकुंकू, भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी. तान्ह्या बाळाला घेऊन विहिरीला पाच फेऱ्या घालायच्या आणि प्रत्येक फेरीला काठावर वाकून कुंकवाचं एक बोट लावायचं. त्यात दोन आठवडे लागून पाऊस झालेला. काळी माती पोटभर पाणी पिऊन फुगली होती.

आदल्या दिवशी आबाजींनी सुनेला विचारून पाहिलं. “मंदा, औंदा नळापाशी पूजा केली तं?”

“नळाची कोणी पूजा करते का, मामाजी? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या.”

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही बायका वाजतगाजत निघालो तेव्हा आबाजी घरात नव्हते. ते विहिरीपाशी होते. पूर्वेच्या काठाशी, आमच्याकडे तोंड करून उभे. अंगावर धुतलेलं धोतर, पांढरी बंडी. मंदाताई चरकल्या.

“इथंच थांबा,” ते म्हणाले. आवाज मोठा होता. “या विहिरीत खोट हाये. हे बाजू आत येऊन राह्यली. आज नाई तं उद्या जाईन. वैशू, लेकराले घेऊन जवळ येऊ नको.”

“काई तरीच का, मामाजी! तुमच्या बापाच्या हातची विहीर हाये.”

“बापाच्या नाई. माह्या. बाप खाटेवर होता. ओल्या दोरीनं मी चुकवली हे, अन् त्यानं आपल्या नावावर घेतली. छप्पन वर्सं झाली. आता तं आयका!”

छप्पन वर्षं छातीत धरून ठेवलेलं त्यांनी असं भर सकाळी पाच बायकांपुढे टाकलं. त्यांना वाटत असणार की आता सगळे अंगावर येतील, थुंकतील. झालं निराळंच. शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. कोणी म्हणालं, “आबाजी उपाशीच निंगाले वाटते, घेरी आली त्याईले.” वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आजोबांची दया येऊन. मंदाताईंना तर ती शुभ वेळी केलेली अवलक्षण बडबड वाटली. आबाजींचं नाव इतकं चांगलं होतं की त्यांच्या गुन्ह्यावर कोणाचा विश्वासच बसेना.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, सांगा याईले. तुमच्या वहीत हाये.”

सगळ्या बायका वळल्या. शाळेच्या मॅडम बोलल्या असत्या तर ऐकलं असतं त्यांनी, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मंदाताईंचा उतरलेला चेहरा, वैशालीच्या हातातलं ते कुंची घातलेलं बाळ, सनईचा मोबाइलवर चाललेला सूर. एवढ्या सगळ्यांत मी काय म्हणाले असेन? “आबाजी म्हणतात तर जरा लांबून फिरा ना,” एवढंच. तेही हसत.

बायका फिरू लागल्या. आबाजी पूर्वेच्या काठाला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले. तिथे पोचल्या की सगळ्यांना त्यांच्या हातांबाहेरून वळसा घ्यावा लागे. कुंकू लावायला जागाच देईनात. घाम धोतरापर्यंत उतरला होता. “तू लांबून फिरजो, बाई, लांबून,” एवढंच ते वैशालीला प्रत्येक फेरीला म्हणत होते. चौथ्या फेरीला त्यांच्या पाठीमागे खाली पाण्यात काही तरी पडल्याचा लहानसा आवाज आला. मी ऐकला. त्यांनी ऐकला. आमची नजरानजर झाली, आणि बायका पाचव्या फेरीला वळल्या.

काही झालं नाही. ओट्या भरल्या, घुगऱ्या वाटल्या, सगळे घरी आले. गावात मात्र आठवडाभर तोच विषय. म्हातारा चळला, बापाचं नाव मातीत घालून राह्यला. मंदाताई त्यांना ताट वाढत, बोलत नसत. त्या मोठ्या मनाच्या बाई, पण सासऱ्याच्या बापाला लोकांत उणं आणलं हे त्यांना सोसलं नाही. आबाजींना दम्याने धरलं ते त्याच दिवसांत. सेवाग्रामच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. ऑटोत बसताना त्यांनी फळी आणि ओळंबा माझ्या हातात दिला. “पाहून ठेवजा,” म्हणाले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट विहिरीपाशी करायचा नाही. आमच्याच गल्लीत आणखी एक बाळंतीण होती, तिची विहीर पुजायची ती गुरुवारी. त्याच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी मी सरपंचांच्या अंगणात वही घेऊन गेले आणि एकेक तारीख वाचून दाखवली. मंगळवारी सकाळी त्यांनी स्वतः फळी धरली, दोरी सुटेपर्यंत सरकवली आणि विहिरीभोवती बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या. गुरुवारची पूजा नळापाशी झाली. शुक्रवारी भर दुपारी विहीर गेली. पूर्वेची बाजू आधी, मग तिच्यामागोमाग फरश्या, लिंब, रस्त्याचा तुकडा, नावाचा दगड. जवळ कोणी नव्हतं. लोक माझे आभार मानायला घरी आले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. आबाजींना हे कळलं नाही. ते बुधवारी पहाटेच गेले होते.

पण मी सरपंचांकडे गेले ती माझ्या शहाणपणाने नाही. त्या सोमवारी सकाळी मी सेवाग्रामला गेले होते.

आबाजी खाटेवर अर्धे उठून बसलेले, नाकाला नळी, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. चेहरा आटून लहान झाला होता. मंदाताई शेजारी मोसंबी सोलत होत्या. दोघं बोलायला लागली होती हे बघून मला बरं वाटलं. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, “गुरुवारी गल्लीत पूजा हाये म्हणते मंदा.”

“हो, आबाजी.”

“तुमी पाह्यलं?”

“पाहिलं. काल दुपारी.”

“किती?”

माझ्या पर्समध्ये वही होती आणि वहीत तेरा लिहिलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढासा जीव उरलेला. मंदाताईही माझ्याकडे बघत होत्या, आता परत तो विषय नको, अशा नजरेने. मी आबाजींच्या हातावर हात ठेवला आणि वर्गात रडणाऱ्या पोराशी बोलावं तसं बोलले.

“नऊच आहे, आबाजी. काही वाढलेलं नाही. तुम्ही काळजी करू नका.”

ते रागावले नाहीत. सावकाश, दोन श्वासांच्या मध्ये थांबत थांबत म्हणाले, “मी बी हेच म्हणत आलो, मॅडम. नऊच हाये. सातच हाये. चारच हाये.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि सुनेला म्हणाले, “मंदा, मॅडमची बस सुटून जाईन. त्याईले जाऊ दे.”